ई-क्लास कोणाची?

गुरुकुंज मोझरीच्या पंचक्रोशीत आमचं गाव. गावाच्या उगवतीला बरड जमिनीचा मोठा पट्टा आहे. सरकारी चराऊ जमिनीला आम्ही वऱ्हाडातले लोक ई-क्लास म्हणतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत एक तृतीयांश महिला हव्यात, म्हणून माझं नाव घातलं गेलं. समितीनं नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. तेव्हा मीच कायदा वाचायला घेतला.

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याच्या ४१व्या कलमात समितीच्या कामांमध्ये 'अधिवासांचं जतन' स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाचून मी थबकले. म्हणजे रानातल्या जिवांची राहण्याची जागा राखणं हे गावाचं कायदेशीर काम आहे! मग गावानं आजवर ते का केलं नाही, हे कळावं म्हणून मी लोकजैवविविधता नोंदवही मागवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर या नोंदवह्या घाईनं पूर्ण झाल्या, आमचीही त्यातलीच. तिच्यात वनस्पतींची लांबलचक यादी होती. ई-क्लासचा उल्लेखही नव्हता.

तलाठी कार्यालयात गेले आणि गोंधळ आणखी वाढला. वनजमिनीची नोंद गाव नमुना १-अ मध्ये, बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनीची १-ब मध्ये, अतिक्रमणाची १-ई मध्ये. जमीन सरकारची, चराईसाठी राखून ठेवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा, देखभाल ग्रामपंचायतीची, आणि तिथल्या मोराला, रोह्याला (नीलगाईला) संरक्षण १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं. एकाच माळावर इतक्या कायद्यांची सावली, तरी दर उन्हाळ्यात तिथला मुरूम जातो आणि कडेची शेतं दरसाल आत सरकतात. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाचा निर्णयही निघाला. आमच्या गावात तो कुणी वाचलेला मला भेटला नाही.

जमिनीवर काय करायचं, हा त्यापुढचा प्रश्न. सगळ्यांचं उत्तर एकच होतं, झाडं लावा. ३३ कोटी वृक्षलागवडीच्या काळात असे माळ खड्ड्यांनी भरून गेले होते. मी गावातल्या म्हाताऱ्या गायक्याला, म्हणजे गुराख्याला, सोबत घेऊन पट्टा पायी फिरले. तो म्हणाला, "थे पडीक नोहे वं माय, तितराचं घर हाये. तिथं खड्डे कायले खंदता?" मग त्यानं मला मारवेल, पवन्या, कुसळ ओळखायला शिकवलं. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते ती जागा दाखवली. गाजरगवत आणि तरोटा माजला की चांगलं गवत कसं हटतं, तेही दाखवलं. त्याच्या बोलण्यातून मला जे समजलं ते कुठल्याही परिपत्रकात सापडलं नसतं: तण उपटायचं, एखाद्या भागात पावसाळाभर गुरं सोडायची नाहीत, गवताचं बी पडू द्यायचं आणि मगच कापून न्यायचं. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात येणारा तणमोर हा आज अत्यंत दुर्मीळ पक्षी आहे, आणि त्याला लागतं ते असंच उंच गवत. दाट झाडी त्याच्या कामाची नाही.

जिल्ह्यातलंच पायविहीर मी पाहून आले. अचलपूर तालुक्यातल्या या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये १९२ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडी गावानं राखली आणि सीताफळाचं उत्पन्न गावाच्या हाती आलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी जोडलेला जैवविविधता पुरस्कारही मिळाला. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये वनाच्या पुनरुज्जीवनाचा हक्क ग्रामसभेला दिलेला आहे. मला हेवा वाटला. पण तो कायदा वनजमिनीचा, आणि आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आमची ई-क्लास महसुलाच्या खात्यात. आम्हाला वाट ४१व्या कलमातूनच काढावी लागणार.

युरोपीय संघानं २०२४ मध्ये निसर्ग पुनर्स्थापनेचा स्वतंत्र कायदा केला. २०३० पर्यंत किमान २० टक्के जमीन आणि समुद्रावर काम सुरू करायचं, असं त्यात बंधन आहे. आपल्याकडे असा एकच कायदा नाही. तुकडे आहेत आणि ते गावानंच जोडायचे आहेत.

आमच्या बैठकीत खरा अडसर आला तो शेतकऱ्यांकडून. "गवत वाढलं की रोही वाढतील, डुकरं वाढतील, आमची तूर कोण राखणार?" हा प्रश्न विचारणारे निसर्गाचे वैरी नाहीत. रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसाला अधिवासाचं महत्त्व सांगायला मला संकोच वाटतो. माझं मत पक्कं झालंय, की धुऱ्यावरच्या कुंपणाची आणि वेळेत मिळणाऱ्या नुकसानभरपाईची तजवीज ठरावात नसेल तर तो ठराव टिकणार नाही. टिकूही नये. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच ठरावात घातल्या आहेत: माळाचा एक भाग आलटून पालटून बंद, आणि त्याला लागून असलेल्या शेतांना आधी कुंपण.

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला आणि आयुष्यभर गावानं आपलं काम आपण करावं म्हणून खपले. त्या भूमीतल्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन कागद मागा: गाव नमुना १-ब आणि लोकजैवविविधता नोंदवही. दोन्ही सभेत मोठ्यानं वाचायला लावा. गावच्या गायक्याला पुढच्या रांगेत बसवा, आणि नोंदवहीत जे राहून गेलंय ते त्याच्या तोंडून त्याच दिवशी लिहून घ्या.