कोयनेचं दार, विट्याचं ऊन

कोयनानगरला वाढलेल्या माणसाच्या लेखी दार म्हणजे श्रावणात न लागणारी वस्तू. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटर पाऊस; आषाढ लागला की कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही, खांद्यानं रेटून दार लावायचं, आणि दिवाळीनंतर तेच दार वाऱ्यानं आपोआप उघडायला लागतं. त्यामुळे आत्याच्या नव्या घराच्या आतल्या दारांचं मी बघतो म्हटल्यावर घरात सगळे हसले. पण आत्याचं घर विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. कोयनानगरहून रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, आणि पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. तिथं दारं फुगत नाहीत, आटतात. हे मला आत्याच्या जुन्या दारामुळे ठाऊक होतं.

आत्याचं सासर मूळचं कोयनाकाठचं. धरण झालं, शिवसागराचं पाणी चढलं आणि खोऱ्यातली गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेले, कुणी ठाणे-रायगडकडे, यांच्या वाट्याला सांगली जिल्ह्यातला हा माळ आला. जाताना घरं उतरवून तुळया, वासे, दारं ट्रकात घातली. त्यातलंच एक फणसाचं दार, रुंद फळ्यांचं, मागून आडव्या पट्ट्या ठोकलेलं. खोऱ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या नीट लागत होतं. इथं दोनच उन्हाळ्यांत फळ्यांमधून उजेड दिसायला लागला. आत्या म्हणते, “आतनंच कळायचं गल्लीत कुणाचं कुत्रं बसलंय ते.” मग चिंध्या कोंबल्या, डांबर भरलं, पावसाळ्यात फळ्या थोड्या भरून यायच्या तेव्हा ते डांबर बाहेर ढकललं जायचं आणि लुगड्याला लागायचं.

नव्या घरासाठी नातेवाइकांचा कल फ्लश डोअरकडे होता. स्वस्त, सरळ, झंझट नाही. खरं सांगायचं तर त्यात तथ्य आहे. प्लायमध्ये थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसं हलत नाही. पण आत्याला भरीव लाकूडच हवं होतं, आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं फटीत चिंध्या कोंबल्या तिच्याशी वाद कोण घालणार?

कराडच्या वखारीत सागाचा भाव विचारला की आधी कथा ऐकावी लागते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूरकडचा साग गेला, तेव्हापासून प्रत्येक वखारवाल्याकडचा साग बल्लारशाचाच असतो. मला त्याच्या गावापेक्षा त्याच्या पोटातल्या पाण्याशी मतलब होता. “एकदम सुका माल,” असं एकानं छातीठोकपणे सांगितलं. मी फळीच्या टोकाचा नव्हे, मधल्या भागाचा तुकडा कापून मागितला.

विट्याची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेली. आत्याचा शेजारीही त्यातलाच, जत्रेला गावी आला होता, आणि त्याच्याकडे ग्रॅमचा अंश दाखवणारा काटा होता. तुकडा भरला ९२ ग्रॅम. मग आत्याच्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर तापवत ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. शेवटी राहिले ८०. म्हणजे कोरड्या लाकडाच्या मानानं १५ टक्के पाणी. कोयनेच्या घरात असं लाकूड शोभलं असतं. विट्याच्या उन्हाळ्यात घरातलं लाकूड सहा-सात टक्क्यांवर येतं.

आता हिशेब. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते रुंदीत. फळीच्या टोकाकडून बघायचं: वलयांच्या रेघा फळीच्या पाठीवर उभ्या असल्या तर ती कमी आटते, कमानीसारख्या आडव्या असल्या तर जवळजवळ दुप्पट. साग त्यातल्या त्यात गुणी, तरी आडव्या रेघांची सागाची फळी १५ वरून ७ टक्क्यांवर आली की रुंदीत दीड टक्का जाते. तीस इंची दार अशा फळ्या जोडून केलं तर जवळपास अर्धा इंच गेला. फणसाच्या दाराचं नेमकं काय झालं ते असं आकड्यात दिसल्यावर आत्यालाही बरं वाटलं. इतकी वर्षं ती सासरच्या सुताराला बोल लावत होती.

पॅनेलच्या दाराची युक्ती इथंच आहे. दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या चार-चार इंचांच्या, त्यामुळे सगळं दार मिळून आटतं ते तीनेक मिलिमीटर. मधली रुंद फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली, ना सरस ना खिळा. तिनं आत-बाहेर काय व्हायचं ते खाचेतल्या खाचेत. आमच्या मेस्त्रींचा मदतनीस मात्र सवयीनं पट्टीतून थेट फळीत चुका ठोकायला गेला. मेस्त्री ओरडले, “आरं, खिळा मारलास की चैतात मधनं फुटतीया बघ ती!” त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मी कुठल्याच सुताराला करताना पाहिली नव्हती. फळ्या बसवायच्या आधीच कडेपर्यंत पॉलिश करून घेतल्या. नाहीतर उन्हाळ्यात फळी आत सरकली की कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते.

दिवाळीनंतर आणलेल्या फळ्या, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, त्याच घराच्या हॉलमध्ये रचून ठेवल्या. आत्याचा मुलगा रोज विचारायचा, दारं कधी? तो तोवर पडदे लावून राहत होता आणि बायकोचं ऐकून घेत होता. पण गिलाव्याचं पाणी अजून भिंतींत होतं. ओल्या घरात दार टांगलं की ते ती ओल पितं आणि नंतर परत देतं. होळीच्या सुमारास लाकूड नऊ टक्क्यांवर आलं तेव्हा मेस्त्रींनी करवत हातात घेतली. पावसाळ्यात वर जाईल, वैशाखात खाली, म्हणून मधलंच बरं.

टांगताना प्रत्येक दाराला दोनाऐवजी तीन बिजागऱ्या लावल्या, आणि पॉलिश सहाही बाजूंना दिलं. खालची-वरची कड कोणी बघत नाही म्हणून सुतार सोडून देतात; लाकडाच्या नळ्यांची तोंडं तिथंच उघडी असतात आणि ओल तिथूनच सगळ्यांत वेगानं जाते-येते. त्यासाठी टांगलेलं एक दार पुन्हा उतरवायला लावलं, तेव्हा मेस्त्री माझ्याशी दुपारच्या चहापर्यंत बोलले नाहीत.

मे महिन्यात फोन आला. सगळी दारं ठीक, फक्त आत्याच्या खोलीचं लागत नव्हतं. भर उन्हाळ्यात फुगलेलं दार! मेस्त्री रंधा घेऊन निघालेच होते, त्यांना थांबवलं. जाऊन पाहिलं तर त्या दारासमोर हातभर अंतरावर कुलर, रात्रंदिवस चालू, ओल्या वाळ्याचा वारा थेट दारावर. विट्यात आत्यानं आपल्यापुरता कोयनेचा आषाढ तयार केला होता. रंधा मारला असता तर कुलर बंद झाल्यावर तिथं फट पडली असती. कुलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवला आणि पंधरवड्यात कडी बसायला लागली. आत्याच्या मुलाची तक्रार अजून चालू आहे, की स्टँडला आणि वायरिंगला जेवढे गेले तेवढ्यात एक फ्लश डोअर आलं असतं.