रंग बदललेला डोळा

एक डोळा घारा आणि दुसरा काळा, असं मूल घेऊन आई-आजी येतात तेव्हा दोघी घाबरलेल्या असतात. कुणीतरी ग्रहणाचा दोष सांगितलेला असतो. बहुतेक वेळा मुलाची नजर उत्तम असते. आयरिस या रंगीत पडद्यात एका बाजूला मेलॅनिन कमी, एवढाच फरक. मुलाला नीट ऐकू येतं का आणि कपाळावर पांढरी बट आहे का, हे मात्र मी आवर्जून पाहते. डच नेत्रतज्ज्ञ वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या आजारात डोळ्यांच्या रंगासोबत बहिरेपणही असू शकतं.

जन्मापासून रंग वेगळे असणं आणि मोठेपणी एका डोळ्याचा रंग बदलणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा प्रकार दिसला की भिलाईजवळच्या जामुलमधल्या माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझा पहिला प्रश्न ठरलेला: छिन्नी-हातोड्याचं काम करता का?

हा प्रश्न इथल्या कामामुळे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. त्या पोलादाभोवती लेथ, ग्राइंडर आणि फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. हातोडा बसतो, कपची उडते, डोळ्याला टोचल्यासारखं होतं. पाणी मारलं की थोड्या वेळाने बरं वाटतं आणि माणूस कामाला लागतो. कपची इतकी बारीक आणि वेगवान असते की बुबुळावरची जखम आपोआप मिटते. लोखंड मात्र आतच राहतं आणि हळूहळू विरघळू लागतं. याला सिडेरोसिस म्हणतात. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी त्या डोळ्याची आयरिस गंजासारखी तपकिरी होते, बाहुली मोठी राहते, प्रकाश टाकला तरी नीट आकसत नाही. भिंगावर तांबूस ठिपके उमटतात. खरं नुकसान दृष्टिपटलाचं होतं. आधी रात्रीचं दिसणं कमी होतं.

आपले डोळे मुळातच गडद, त्यामुळे हा फरक सहज नजरेतून निसटतो. म्हणून मी रुग्णाला खिडकीशी बसवते, उजेडात दोन्ही डोळे शेजारी-शेजारी पाहते, मगच स्लिट लॅम्पकडे वळते. आयरिसमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं, तर कपची कुठून गेली ते कळतं. मग एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. एमआरआय अजिबात नाही. त्या चुंबकाने लोखंड आतल्या आत सरकून डोळा फाटू शकतो. कपची वेळेत काढली तर नजर वाचू शकते. दृष्टिपटल एकदा गेलं की ते परत मिळत नाही.

वर्कशॉपच्या मालकांना माझी विनंती आहे: हातोड्यासोबत प्रत्येक कामगाराला गॉगल द्या आणि तो डोळ्यांवर आहे की नाही हे रोज पाहा. आणि ठोकाठोकी करताना डोळ्यात काही गेलं असेल, तर दुखायचं थांबलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.