अर्ध्या वाटेवरून परतलेला मार्क

नाताळच्या अंकासाठी संत पौलाच्या प्रवासांवर लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी मनातून थोडी हिरमुसलेच. मी ख्रिस्ती नाही आणि शाळेत शिकलेल्या चार नावांपलीकडे या विषयात मला गती नव्हती. शेजारच्या काकूंकडून मराठी बायबल मागून आणले. शेवटच्या पानांवर नकाशे होते. त्यांत भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पौलाच्या तीन प्रवासांच्या तीन रंगीत रेषा होत्या आणि रोमकडे जाणारी एक चौथी. मनात म्हटले, सोपे आहे. गावांची नावे क्रमाने लिहायची, की झाले काम!

पण ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना तेराव्या अध्यायातल्या एका वाक्यापाशी मी अडले, ती अडलेच.

पौलाचा पहिला प्रवास साधारण इसवी सन ४६ ते ४८ मधला. सीरियातल्या अंत्युखियाहून तो, बर्णबा आणि मदतीला तरुण मार्क असे तिघे निघाले. हा मार्क बर्णबाचा भाऊबंद. गलबताने ते सायप्रसला गेले, बेट पायी पार करून पुन्हा गलबतात बसले आणि आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पिर्गा या गावी उतरले. पुढे तौरसची डोंगररांग होती. तिथूनच मार्क दोघांना सोडून यरुशलेमला परत गेला. तो का गेला, हे पुस्तक सांगत नाही. डोंगर पाहून धीर सुटला, आजारी पडला, की घरची ओढ लागली? नकाशावरही त्याच्या परतीची रेषा नव्हती. परत जाणाऱ्याची रेषा कोण काढतो?

बाकीचे दोघे पुढे गेले. लुस्त्र गावात एका पांगळ्याला बरे केले म्हणून लोकांनी त्यांना देव मानले आणि बळी द्यायला बैल आणले. पुढे बाहेरून आलेल्या विरोधकांनी कान भरले, तेव्हा त्याच गावाने पौलाला दगडांनी मारले आणि मेला असे समजून गावाबाहेर ओढत नेऊन टाकले. तो उठला, पुन्हा गावात गेला आणि दुसऱ्या दिवशी बर्णबाबरोबर दर्बेची वाट चालू लागला. अशा माणसाला मधूनच परत फिरणाऱ्याचा राग येणारच, नाही का?

तो राग दुसऱ्या प्रवासाच्या वेळी उफाळून आला. बर्णबा म्हणाला, मार्कला पुन्हा नेऊ. पौल म्हणाला, मुळीच नाही. वाद इतका विकोपाला गेला की बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसकडे गेला आणि पौल सीलाला घेऊन खुष्कीच्या मार्गाने निघाला. ज्याने हात धरून उभे केले, त्याच्याशीच ताटातूट! कारण पौल पूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा. तो बदलला यावर यरुशलेममध्ये कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा त्याची हमी बर्णबानेच घेतली होती.

इथे मी पुस्तक मिटले. वाचकहो, माझ्याही आयुष्यात एक मार्क आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला. मी, आमचे ज्येष्ठ छायाचित्रकार दादा आणि नुकतीच लागलेली एक धाकटी सहकारी, असे तिघे वार्तांकनाला गेलो. होडीतून फिरत होतो. ८ तारखेला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मुलगी पिशवी घेऊन निघून गेली. मागे फक्त एक चिठ्ठी होती, ‘मी घरी जाते.’

पुढच्या दौऱ्याच्या वेळी दादा म्हणाले, “अगं, तिलाही घेऊ या.” मी ठणकावून सांगितले, “अर्ध्यात सोडून जाणारी माणसं मला नकोत.” दादांनी पुष्कळ समजावले. शेवटी ते तिला घेऊन दुसऱ्या कामावर गेले. पत्रकारितेची पदविका घेऊन मी कोरी करकरीत आले होते, तेव्हा संपादकांकडे माझा शब्द दादांनीच टाकला होता. तेही त्या दिवशी मला आठवले नाही. पुढे ते निवृत्त झाले आणि आमचे बोलणे दिवाळीच्या शुभेच्छांवर आले.

पुस्तक पुन्हा उघडले. पौल फिलिप्पैत तुरुंगात पडला, करिंथला दीड वर्ष राहून तंबू बनवण्याच्या धंद्यावर त्याने पोट भरले, नंतर इफिसला राहिला. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने सोसलेल्याचा हिशेबच मांडला आहे : पाच वेळा ३९ फटके, तीनदा छड्या, तीनदा गलबत फुटले. माल्टाजवळ २७६ माणसांसह फुटलेले गलबत तर त्यानंतरचे! पण मी आता दुसरेच काही शोधत होते. करिंथकरांनाच लिहिलेल्या एका पत्रात, कष्ट करून पोट भरणारे म्हणून तो आपल्याबरोबर बर्णबाचे नाव घेतो. त्यात कडवटपणा नाही. आणि कैदेतून फिलेमोनला लिहिलेल्या इवल्याशा पत्राच्या शेवटी सहकाऱ्यांची नावे येतात, त्यांत पहिल्या दोनांत मार्क आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे, अशा अर्थाचा निरोप आहे. हे पत्र पौलाचेच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. फिलेमोनच्या पत्राबद्दल तसा वाद नाही.

दगड खाऊन उठणे मला जमणारे नाही. पण नकोसे झालेले नाव पुन्हा आपल्या माणसांत घालणे? तेही सोपे नसावे. पौलालाही त्याला बरीच वर्षे लागली.

त्या रात्री मी तिला फोन केला. ती आता दुसरीकडे काम करते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, जे तेव्हाच विचारायला हवे होते ते विचारले, “तू का गेलीस गं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ताई, मला पोहता येत नाही. रात्रभर झोप लागली नाही. घाबरले म्हणून सांगायचं होतं, पण पाण्यापेक्षा तुमचीच जास्त भीती वाटली.”

यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दादांना फोन लावला. सगळे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “मग रविवारी दोघी जेवायलाच या.”

लेख वेळेवर दिला. काकूंचे बायबल परत करण्यापूर्वी त्या नकाशावर पिर्गाहून यरुशलेमपर्यंत नुसते बोट फिरवले. वाट बरीच लांबची होती. एकट्याने परतणाऱ्याला तर ती अधिकच लांब वाटली असेल.