शेवटचा नाच

आमच्या घरी इंग्रजी गाणी लागतात ती धाकट्या मुलीमुळे. मला त्यातले शब्द अर्धेमुर्धेच कळतात. पण एका गाण्याला पायाने आपोआप ठेका धरला. ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’, म्हणजे शेवटचा नाच माझ्यासाठी राखून ठेव. अमेरिकेतल्या ‘द ड्रिफ्टर्स’ या काळ्या गायकांच्या संचाने ते १९६० साली गायिले आणि त्याच वर्षी ते तिथे पहिल्या क्रमांकावर गेले.

मी म्हटले, “लग्नात वाजवण्यासारखं आहे.”

मुलगी म्हणाली, “पप्पा, आहेच ते लग्नातलं. पण लिहिणाऱ्याला नाचता येत नव्हतं.”

मग मी मुळाशी गेलो. गीतकार डॉक पोमस. खरे नाव जेरोम फेल्डर, जन्म १९२५, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले ज्यू कुटुंब. लहानपणीच पोलिओ झाला. लस आली १९५५ साली, तोवर हे गृहस्थ तिशीला आले होते. विशीच्या आतच कुबड्या टेकत ते काळ्या लोकांच्या क्लबांत जाऊन ब्लूज गाऊ लागले. आईला कळू नये म्हणून नाव बदलले. तिथे गोरा अपंग मुलगा गातो याचे कोणाला वावडे नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१९५७ साली विली बर्क या अभिनेत्रीशी त्यांचे लग्न झाले. समारंभात नवरी नाचली ती दिराबरोबर आणि पाहुण्यांबरोबर. नवरदेव बसून पाहत राहिले. पुढे कधीतरी त्याच लग्नाची जुनी पत्रिका हाती लागली आणि तिच्या पाठीवर त्यांनी हे गाणे लिहिले. गाण्यातला माणूस प्रेयसीला दुसऱ्यांबरोबर नाचायची खुशाल मोकळीक देतो. परतताना ती आपल्यासोबत असावी, एवढेच मागतो. मोकळीक खरी आणि धास्तीही खरी. चाल मॉर्ट शुमन यांची. त्यांना लॅटिन अमेरिकन संगीताचे वेड, त्यामुळे ठेका झुलता आहे. नुसता ठेका ऐकणाऱ्याला दुःखाचा पत्ता लागत नाही. मुख्य गायक बेन ई. किंग यांना ध्वनिमुद्रणाआधी ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, असे सांगतात. पोमस यांचा संसार पुढे टिकला नाही. गाणे टिकले. २०१३ च्या डिसेंबरात ऑकलंडला ७९ वर्षांच्या लिओनार्ड कोहेन यांनी आपल्या अखेरच्या मैफलीचा शेवट याच गाण्याने केला.

आता माझे सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला पोलिओ आहे. नात्यात लग्न असले की वरातीच्या वेळी आम्ही तिला मंडपात खुर्चीवर बसवायचो. पिशव्या, आहेराची भांडी, लहान पोरांच्या चपला तिच्या ताब्यात. “आक्का आहे ना!” म्हणून सगळे बिनघोर बॅन्डपुढे. अपंगांचे दाखले काढून देण्यासाठी मी सरकारी दवाखान्याच्या किती खेपा घातल्या असतील. आक्काला मात्र एका शब्दाने कधी विचारले नव्हते.

परवा रविवारी फोन करून विचारले. ती आधी हसली.

“अरे, नाचायचं कुठं होतं मला! बॅन्डमागं ती जनरेटरची गाडी असायची ना, तिच्यावर बसवून नेलं असतं तरी चाललं असतं. पिशव्या काय, कुणीपण सांभाळल्या असत्या.”