दारातली जीप

ऐंशी-नव्वदच्या दशकात यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या आमच्यासारख्या अनेकांच्या घरी पहिली चारचाकी आली ती शोरूममधून नव्हे, सरकारी लिलावातून. वन खात्याची, पाटबंधारे खात्याची, नाहीतर आरोग्य खात्याची थकलेली जीप. कापूस एकाधिकार खरेदीचे चुकारे हातात पडले की पुसद, दारव्हा, वणीकडे अशी एखादी जीप ट्रॅक्टरला साखळीनं बांधून घरी आणली जाई. दारावरचं खात्याचं नाव रंगाखालूनही वाचता यायचं. घरातल्या बायांचं मत एकच, हे लोखंड दारातून हलवा. उन्हाळ्याची सुट्टी मात्र त्या लोखंडाभोवतीच सरायची.

पोरांची कामं ठरलेली. एक, बॅटरी धरणं. "कुठं पाहून राहिला बे? उजेड इकडे दाखव!" हे आमच्यातल्या कितीतरी जणांनी जीपखाली उताणं पडून ऐकलंय. दुसरं, नटबोल्ट धुणं. घमेल्यात रॉकेल, हातात दात घासायचा जुना ब्रश. धुतलेला नट ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं 'लोकमत'च्या पानावर मांडायचा आणि पानाच्या चारी कोपऱ्यांवर गोटे ठेवायचे.

जीपचा म्हणून वेगळा मिस्त्री आमच्याकडे नव्हता. ट्रॅक्टरवालाच जीप उघडायचा, आणि त्यात तसं काही चूक नव्हतं. मुंबईत १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू झाली, ती पेट्रोलवर. पुढे १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीनं ट्रॅक्टर काढायला घेतले आणि त्यातल्या बी-२७५ च्या इंजिनावर बेतलेलं डिझेल इंजिन नंतर जीपमध्ये आलं. त्यामुळे मिस्त्री तोच, बरेचसे पाने तेच आणि अडल्यावेळी ट्रॅक्टरच्या कॅनमधलं डिझेलही तेच. ज्यांची जीप पेट्रोलवर होती, ते परवडेना म्हणून जुनं डिझेल इंजिन शोधून आत बसवायचे. मॉडिफिकेशन हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात, पांदणीवर. लोकांना वाटतं, फोर बाय फोरचा दांडा टाकला की जीप कुठूनही निघते. आमच्या काळ्या मातीला त्याचं काही नाही. ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते, मग इंजिनात कितीही जोर असो, चाक फिरतच नाही. पोरांनी उतरायचं आणि टॉमीनं चिखल खरवडून काढायचा. दोन पावसाळे हा छळ सोसल्यावर आमच्या बाबांनी छन्नी-हातोडा घेऊन मडगार्डच कापलं आणि चाकाला वर मोकळी जागा करून दिली.

आता तीच जीप मी आणि माझी मुलगी उघडतोय. ती प्रत्येक जोडणीचा आधी फोनवर फोटो काढते, त्यामुळे वर्तमानपत्र लागत नाही. मडगार्डची वेडीवाकडी कड पाहून तिनं विचारलं, "बाबा, हे कुणी असं कापून ठेवलं?" मी पांदणीची सगळी गोष्ट सांगितली. डेंटर नवा पत्रा लावायचं म्हणत होता. तिनं नको म्हटलं, कानशीनं फक्त धार मोडली आणि वर रेड ऑक्साइड मारलं. मलाही ते पटलं. हल्ली रुंद टायर आणि टपावर दिव्यांची रांग लावलेल्या जीपा टिपेश्वरच्या रस्त्यावर दिसतात. दिसायला झकास, पण त्यातल्या कितीशा शेतात जातात कोण जाणे! आमच्या त्या ओबडधोबड कापणीला निदान कारण होतं.

ज्यांच्या दारात अजून अशी जीप उभी आहे, त्यांना एक सांगणं. पान्याला हात लावण्याआधी आरसी बुक शोधा. ते आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावे करून घ्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि तपासणीत चासी व इंजिनचा नंबर पुस्तकाशी जुळावा लागतो. त्या काळी गुपचूप बसवलेलं डिझेल इंजिन नेमकं इथेच अडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. तेव्हा आधी आरटीओत जाऊन विचारा, रंग कोणता द्यायचा ते नंतर ठरवा.