आधी कागद, मग रडारड

राजीनामा उन्हाळी बोनस खात्यात जमा झाल्यावरच द्यायचा, हे टोकियोतल्या आयटीवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मीही 2025 च्या जुलैअखेर नोकरी सोडली. पुढची हातात नव्हती.

आमच्या निशिकासाईत अशी बातमी लपत नाही. वायटूकेच्या सुमारास भारतीय इंजिनीअर इथे राहू लागले, कारण तोझाई लाइनने ओतेमाचीतली ऑफिसं जवळ. निशिकासाई ज्या एदोगावा वॉर्डात आहे, त्याच्या सभेवर 2019 साली मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निवडून आले. एवढी आपली वस्ती, म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनी पोह्यांचा डबा घेऊन दारात.

“भाऊजी, आधी कागद, मग रडारड,” म्हणत त्यांनी आमचं कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि लाल पेन मागितलं.

नोकरी सुटल्याचं इमिग्रेशनला 14 दिवसांत कळवायचं. ते ऑनलाइन झालं. वॉर्ड ऑफिसात आरोग्य विमा आणि पेन्शन बदलायलाही 14 दिवसच. कंपनीचाच विमा पुढे चालवायचा तर 20 दिवसांत अर्ज, पण कंपनीचा निम्मा हप्ताही आपल्याच बोडक्यावर. तरी मी तोच घेतला. सरकारी विम्यात बायको-मुलीचे हप्ते वेगळे धरले जातात, इथे नाही. कंपनीकडून रिशोकुह्यो, म्हणजे नोकरी सोडल्याचा दाखला, पोस्टाने येईपर्यंत मात्र हॅलोवर्क या सरकारी रोजगार केंद्राचं गाडं पुढे सरकत नाही. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांना बेकारी भत्त्यासाठी दोन महिने थांबावं लागे, त्या एप्रिलपासून ते एकावर आलं होतं, तेवढंच नशीब.

खरी धास्ती व्हिसाची. सबळ कारणाशिवाय तीन महिने काम नसेल तर तो रद्द होऊ शकतो, आणि बायको-मुलीचा व्हिसा माझ्यावरच टांगलेला. बायकोला आठवड्याला 28 तासांच्या वर काम करता येत नाही. म्हणून प्रत्येक अर्जाची, मुलाखतीची ईमेल मी फाइलला लावत गेलो. स्वस्त घर शोधायचाही विचार आला होता, पण बिनपगारी माणसाला घरमालक दारात उभं करत नाही. आमचं घर यूआर या निमसरकारी गृहसंस्थेचं, जामीनदार न मागणारं. तिथून हललो नाही.

या सगळ्यात कामाला आली ती हिकित्सुगी. जायच्या आधी आपलं काम पुढच्याच्या हवाली करायची ही रीत इथले लोक सणासारखी पाळतात. मी एक्सेलचा तक्ता केला होता: काम, कधी, कोणाला विचारायचं. शेवटचा रकाना ‘सांभाळून’. त्यात “गोदामाचे साहेब ईमेल वाचत नाहीत, दहाच्या आत फोन करावा” असलं काहीबाही. घरी बसल्यावर तोच तक्ता पुन्हा वाचला. इतकी वर्षं मी स्वतःला जावाचा माणूस समजत होतो. पण तक्त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी पुण्याची टीम आणि इथले ग्राहक यांच्यातले गैरसमज निस्तरण्याच्या होत्या. मग बायोडेटा त्यावरूनच लिहिला आणि कोडिंगच्या जागांसाठी अर्ज करणं बंद केलं. नोकरीच्या पोर्टलवरच्या दहा टिपांपेक्षा ही यादी कितीतरी प्रामाणिक.

घरातही तसाच तक्ता झाला. गॅस, भाडं, शाळेची फी कोणत्या खात्यातून जाते हे बायकोला आणि मला दोघांनाही नीट माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात भारत आणि जपान, दोन्हीकडच्या टीम सांभाळायचं काम मिळालं. इमिग्रेशनला पुन्हा 14 दिवसांत कळवलं. पगार जरा कमीच आहे, आणि निवासी कर गेल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, त्यामुळे मेपर्यंत भरायचाय तो जुन्या पगाराच्या हिशेबाने.