एकत्र की विभक्त?

विभक्त कुटुंबांचा मला कधी राग आला नाही. पण व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यायची वेळ आली, तेव्हा मी एकत्र कुटुंबाच्या बाजूने उभा राहिलो. चिरंजिवांचा हट्ट वेगळ्या बिऱ्हाडांचा! सूर सांभाळणारा प्रीॲम्प्लिफायर एका डब्यात, स्पीकरला जोर पुरवणारा पॉवर ॲम्प्लिफायर दुसऱ्यात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तबकडीवरच्या सुईतून निघणारा संदेश अवघा काही मिलिव्होल्टचा. शेजारी जाडजूड ट्रान्सफॉर्मर बसला, की त्याची गुणगुण त्यात शिरते. तान्ह्याच्या पाळण्याशेजारी पिठाची गिरणी घालावी, तसे ते.

पण १९५३ सालच्या ‘क्वाड टू’ या नामांकित इंग्रजी पॉवर ॲम्प्लिफायरची गंमत पाहा. स्टिरिओसाठी तो दोन-दोन घ्यावा लागे. आणि १९५९ साली त्याच्या जोडीला आलेला ‘क्वाड ट्वेंटी-टू’ हा वेगळा प्रीॲम्प्लिफायर आपली वीज घेई ती या थोरल्याकडूनच. बिऱ्हाड निराळे, चूल एकच!

मला खरी काळजी आईची. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ती दुपारी एकटीच वडिलांच्या तबकड्या लावते. दोन डबे, चार तारा, आधी हे बटण की ते, हे तिने का ध्यानात ठेवावे? व्हॉल्व्ह तर हात भाजण्याइतके तापतात. म्हणून जाळीचे झाकण असलेला एकच डबा आणला. एक बटण. व्हॉल्व्ह तापेपर्यंत ती चष्मा पुसून घेते.

आवाज वाढवला, की बारीकशी गुणगुण ऐकू येते. चिरंजीव ती मला मुद्दाम ऐकवतात. आई म्हणते, “थांबा रे, तंबोरा जुळतोय.”